अडुसष्टावं घर : खेळाचा शेवट कुलूपबंद असावा का?

इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमचा विषय घेतला, म्हणून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. खेळाचा इतिहास हाही माणसाचाच इतिहास असतो. शिवाय आजचा प्रश्न दिसतो तेवढा नवा नाही. तो सोलापुरात निदान आठशे वर्षं वेगवेगळ्या वेषांत फिरतो आहे.

प्रश्न साधा आहे. एखाद्या गेमची मुख्य गोष्ट तुम्ही खेळून संपवली. तरीही खरा शेवट, शेवटचा प्रदेश किंवा शेवटची लढाई दिसत नाही. गेम सांगतो की नकाशावरची एकूण एक वस्तू गोळा करा, सगळी उपकामं उरका, टक्केवारी शंभरावर न्या, मग दार उघडेल. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला ‘हंड्रेड परसेंट’ म्हणतात. शेवट असा संपूर्णतेच्या कुलपामागे ठेवावा का? पोरं यावर हिरिरीनं भांडतात. आम्हाला वाटतं, त्यांच्या भांडणात इतिहासाच्या विद्यार्थ्यानंही जरा बसावं.

सुरुवात गावापासून करू. बाराव्या शतकात या गावाला सोन्नलिगे म्हणत, आणि इथे सिद्धरामेश्वर होऊन गेले. बसवण्णांच्या काळातले शरण, कन्नड वचनकार आणि तलाव खोदणारे कर्मयोगी, ही त्यांची ओळख. परंपरा सांगते की त्यांनी गावाच्या पंचक्रोशीत ६८ शिवलिंगं स्थापली. हा आकडा असाच आलेला नाही. शैव परंपरेत तीर्थांची संख्या अडुसष्ट मानतात आणि ती तीर्थं देशभर विखुरलेली आहेत. विणकर, कुंभार, शेतमजूर यांनी ती पाहायची कधी? पाय आहेत, पण सवड नाही आणि पैका तर नाहीच. मग अडुसष्टच्या अडुसष्ट एका गावाभोवती आणून बसवली, तर माणूस घरच्या भाकरीवर यात्रा पुरी करू शकतो. आजच्या भाषेत सांगायचं तर सिद्धरामांनी शंभर टक्क्यांची अट रद्द केली नाही, ती माणसाच्या आवाक्यात आणली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गड्ड्याची जत्रा तुम्हाला नव्यानं सांगायला नको. तरी तिचा क्रम एकदा खेळाच्या नजरेनं बघा. संक्रांतीच्या वेळी सात नंदीध्वज निघतात. पहिल्या दिवशी बाराबंदी घातलेले मानकरी आणि भक्त काठ्या घेऊन ६८ लिंगांना फेरी घालतात, तैलाभिषेक होतो. ही फेरी झाल्यावर दुसऱ्या दिवशी तलावाकाठच्या सम्मती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येची आणि त्यांच्या योगदंडाची ही प्रतीकात्मक लग्नगाठ. त्यानंतर होम आणि मग शोभेचं दारूकाम. आधी अडुसष्ट, मग अक्षता. क्रम पक्का आहे, त्यात कुणी सवलत मागत नाही.

पण अक्षता टाकायला जी अफाट गर्दी लोटते, तिच्यातल्या किती जणांनी आदल्या दिवशी ६८ लिंगांची फेरी केलेली असते? फार थोड्यांनी. कुणी हैदराबादेहून आलेलं असतं, कुणी विजापूरकडून, कुणी सकाळची पाळी करून तसंच आलेलं. कुणीही कट्ट्यापाशी उभं राहून ‘तुझी किती लिंगं झाली?’ असं विचारत नाही. फेरी पूर्ण होणं आवश्यक आहे, पण ती प्रत्येकानं स्वतः पूर्ण करावी ही अट नाही. काठी धरण्याचा मान ज्यांचा त्यांचा, अक्षता मात्र सगळ्यांच्या.

याच सिद्धरामांच्या चरित्रात दुसरी एक कथा आहे. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात ती येते. अल्लमप्रभू सोन्नलिगेला येतात. तलावाचं काम चालू असतं. हजारो हात राबत आहेत, देवळं उभी राहत आहेत, लिंगं बसत आहेत. अल्लमप्रभू सिद्धरामांना हिणवून बोलतात, दगडमातीच्या कामाचा मुकादम असल्यासारखं. कामावरचे लोक चिडतात, दगड उचलतात. कथा पुढे जाते ती वादाकडे. इतकी कामं केलीस, पण आतलं काम कुठवर आलं, हा त्या वादाचा गाभा. शेवटी सिद्धराम कल्याणला जातात आणि चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतात.

कथेतला ऐतिहासिक भाग किती, हे बाजूला ठेवू. तिच्यातला प्रश्न खरा आहे. मोजता येतं ते सगळं पुरं केलं, म्हणजे पोहोचलो का? अडुसष्टपैकी अडुसष्ट झाले, यादी संपली, मग पुढचं दार आपोआप उघडतं का? अल्लमप्रभू नाही म्हणतात. पण म्हणून सिद्धरामांचा तलाव कुणी बुजवला नाही, तो आजही आहे. कामाला किंमत आहे, पण काम म्हणजे किल्ली नव्हे. आमच्या आजच्या विषयाची निम्मी बाजू या कथेत आहे.

उरलेली निम्मी बाजू एका पटावर आहे. सापशिडी सगळ्यांना माहीत आहे. तिचा जुना अवतार महाराष्ट्रात ‘मोक्षपट’ आणि उत्तरेत ‘ज्ञानचौपड’. मराठी परंपरा मोक्षपटाचं श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते. तेराव्या शतकातला पट मात्र कुणाच्या हाती नाही, अभ्यासकांपुढे असलेले जुने पट मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी या पटांवर १९८०च्या दशकात महत्त्वाचं लेखन केलं. जेकब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकानं २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात पश्चिम भारतातल्या मोक्षपटांवर प्रबंधच लिहिला. म्हणजे विषय पोरकट नाही, एवढं तरी मान्य करू.

या पटांचे अनेक प्रकार आहेत. जैन पटांत बहुधा ८४ घरं असतात. एक वैष्णव पट ७२ घरांचा, नऊ घरांच्या आठ ओळी. त्यात जिंकायचं घर कोणतं? बहात्तरावं नव्हे. जिंकायचं घर आहे अडुसष्टावं. तिथे वैकुंठ आहे, सगळ्यात वरच्या ओळीच्या बरोबर मध्यभागी. आमच्या अडुसष्ट लिंगांशी या आकड्याचा संबंध जोडायला पुरावा नाही आणि आम्ही तो जोडतही नाही. पण योगायोग गोड आहे.

त्या पटाचे नियम बघा. अडुसष्टावर नेमकं दान पडून थांबलात तर सुटलात. जास्त दान पडलं तर ६९, ७०, ७१ असे पुढे जाता. बहात्तराव्या घरात तमोगुण आहे आणि तिथला साप थेट ५१व्या घरात, पृथ्वीवर, आणून सोडतो. म्हणजे सगळी घरं संपवणारा माणूस जिंकत नाही, तो घसरतो! आकड्यांच्या शेवटाला शेवट म्हणायचं नाही, अशी ही रचना. आणि याच पटावर ५४व्या घरात भक्ती आहे. तिथून निघणारी शिडी कुठे जाते? थेट अडुसष्टाव्या घरी. मधली तेरा घरं न बघता. पट करणाऱ्याला सगळी घरं प्रत्येकाकडून चालवून घ्यायची असती, तर त्यानं ही शिडी काढलीच नसती.

पुढे १८९०च्या दशकात हा खेळ इंग्लंडात गेला. घरांतली नावं गळाली, सापांची आणि शिड्यांची संख्या जवळजवळ सारखी झाली आणि शेवटचं घर म्हणजेच जिंकण्याचं घर झालं. वैकुंठ गेलं, शंभर आलं. ‘शंभर म्हणजे पूर्ण’ ही सवय आपल्याला लहानपणीच्या त्या पुठ्ठ्यावरच्या पटानं लावली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आता पडद्याकडे येऊ. १९८५ साली जपानी कंपनी निन्तेन्दोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. पुढे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांतून आणि कॅसेटींतून तो आपल्या गल्ल्यांत पोहोचला. त्यात आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, एकूण ३२. पण पहिल्या जगाच्या दुसऱ्याच टप्प्यात छतावरून चालत गेलं की गुप्त नळ सापडत. त्यातून थेट चौथ्या जगात, आणि तिथून पुढे तशाच युक्तीनं आठव्यात. बत्तीसपैकी आठच टप्पे खेळून राजकन्या सोडवता येत असे. नळ म्हणजे भक्तीची शिडीच म्हणा ना! त्या यंत्रांवर खेळ साठवून ठेवायची सोय नसे. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ज्यांनी लोडशेडिंगच्या काळात संध्याकाळी अशी यंत्रं लावली, त्यांना या नळांची किंमत सांगावी लागत नाही.

त्याच वर्षी उलट्या विचाराचाही खेळ आला, ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’. अतिशय अवघड. जीव तोडून शेवटाला पोहोचलात की तो सांगे, हा शेवट म्हणजे सैतानाची माया होती, पुन्हा पहिल्यापासून सगळं करा. दुसऱ्यांदा पुरं केल्यावरच खरा शेवट. १९८६च्या ‘बबल बॉबल’नं तर शंभर फेऱ्यांनंतर एकट्या खेळणाऱ्याला सुखांत शेवट नाकारला आणि मित्राला घेऊन या म्हणून सांगितलं. या दुसऱ्या कुलपात आम्हाला काहीतरी सुंदर दिसतं. तिथे अट बेरजेची नव्हती, सोबतीची होती.

२००५ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० बरोबर ‘अचिव्हमेंट’ आली, २००८ साली सोनीनं ‘ट्रॉफी’ आणली. तोवर खेळ पुरा केला हे खेळणारा आणि त्याचे मित्र जाणत. आता त्याची नोंद राहू लागली आणि ती सगळ्यांना दिसू लागली. नोंद आली की वही भरायची हौस येते, आणि वही भरायची हौस आहे म्हटल्यावर नकाशे वस्तूंनी भरायला वेळ लागत नाही.

२०१५चा ‘बॅटमॅन : अर्कम नाइट’ हा या वादातला ठळक दाखला. त्याचा पूर्ण शेवट बघायचा तर सगळी उपकामं हवीत, आणि त्यांत रिडलर या खलनायकानं शहरभर लपवलेल्या २४३ चीजा आल्या. गोष्टीत रंगलेल्या माणसाला तिचं शेवटचं पान वाचायला २४३ कोडी सोडवायची! अनेकांनी काय केलं, ते सांगायला नको. यूट्यूबवर दुसऱ्या कुणीतरी उघडलेला शेवट पाहिला आणि गेम मिटला. कुलपाचा हेतू खेळणाऱ्याला खेळात ठेवण्याचा होता, पण त्यानंच माणसाला बाहेर घालवलं.

आता २०१७चा ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ बघा. सुरुवातीचं पठार उतरलं की तुम्ही सरळ शेवटच्या शत्रूकडे जाऊ शकता. दार उघडंच आहे, फक्त तुमची तयारी नसते. याच खेळात ९०० कोरोक बिया लपवल्या आहेत. सगळी जागा वाढवून घ्यायला ४४१ पुरतात. नऊशेच्या नऊशे गोळा करणाऱ्याला शेवटी काय मिळतं? सोनेरी शेणाच्या गोळ्यासारखी एक भेट. खेळ करणाऱ्यांनी केलेली ती थट्टा आहे. बाबा रे, तू हे मजेसाठी केलंस ना, मग मजा झाली, असा तिचा अर्थ. अल्लमप्रभू हसले असते.

आणि त्याच वर्षीचा ‘सुपर मारिओ ओडिसी’ मधला मार्ग काढतो. मुख्य गोष्ट आधी पूर्ण संपते. त्यानंतर ५०० चंद्र मिळवले की एक अतिशय कठीण प्रदेश उघडतो. मोजणी ९९९पर्यंत जाऊ शकते, तरी मागणी पाचशेचीच आहे. कोणते पाचशे, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता कुलपाच्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. आपल्याकडे सोळा सोमवार केल्यावर सतराव्याला उद्यापन असतं. कुणी पाच सोमवारांतच उद्यापन उरकलं तर घरातली म्हातारी माणसं काय म्हणतील? ग्रंथाचं पारायण पहिल्या ओवीपासून होतं. फलश्रुती शेवटी असते, कारण वाटेत काहीतरी घडावं लागतं. फळ आधी दिलं तर वाट कोण चालणार? अवघड खेळाचं कुलूप स्वतःच्या हातानं उघडण्यातला आनंद खोटा नाही. सगळं सगळ्यांना लगेच दिलं, तर कशालाच चव उरत नाही. हे म्हणणं आम्हाला मान्य आहे, आणि कुलपं सरसकट काढा असं आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. कुलूप कशाला लावता आणि किल्ली कशाची करता?

यासाठी आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला जाऊ. आषाढीला कुणी आळंदीपासून पायी येतो, कुणी वाखरीपासून चालतो, कुणी एसटीनं उतरतो. पददर्शनाची रांग लांबलचक असते. ज्याला ते जमत नाही तो मुखदर्शन घेतो. तेही जमलं नाही तर कळसाला हात जोडतो आणि परत फिरतो. कळसदर्शनानं वारी अपुरी राहिली, असं कुठलाही वारकरी म्हणणार नाही. पायी चालणाऱ्याचा मान मोठा, त्याच्या पाया पडतील. पण विठ्ठल दोघांचा.

मात्र याच पंढरपुरात एक कुलूप शतकानुशतकं होतं आणि त्याची किल्ली जगातल्या कुठल्याही साधनेत नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. वारी केली, नाम घेतलं, सगळं शंभर टक्के केलं, तरी जन्मामुळे आत प्रवेश नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि १० मेला ते सुटलं. मंदिराचं दार दलितांसाठी उघडण्याचा निर्णय झाल्यावरच सुटलं. आम्ही एका गेमची तुलना त्या अन्यायाशी करत नाही, तशी तुलना करणं बरोबरही होणार नाही. पण त्या घटनेनं एक कसोटी आपल्या हाती दिली आहे. कुठलंही कुलूप दिसलं की विचारायचं, ही किल्ली कुणाला मिळूच शकत नाही?

ही कसोटी हंड्रेड परसेंटला लावा. ती किल्ली वरवर सगळ्यांसाठी आहे, पण तिची किंमत वेळेत मोजायची असते. आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. आपल्या गावात हजारो बायांनी विड्या वळून संसार उभे केले. मजुरी हजार विड्यांमागे. छाट निघाली तर ती मजुरीत धरत नाहीत. दिवसभर आकडा पुरा करण्यात जगणाऱ्या आईचा मुलगा रात्री तासभर खेळायला बसतो आणि खेळही त्याला आकडाच पुरा करायला सांगतो. २४३ आणा, मग गोष्ट सांगतो. याला खेळ म्हणायचं की उक्तं काम? हात नीट चालत नाहीत, नजर अधू आहे, घरात कुणी आजारी आहे, अशा माणसांसाठी तर ते दार कायमचंच बंद. आणि गंमत अशी की पैसे त्यांनीही पूर्णच मोजलेले असतात.

तेव्हा आमचं म्हणणं तीन वाक्यांत. गोष्टीचा शेवट म्हणजे दर्शन, आणि दर्शनाला बेरजेचं कुलूप नसावं. कौशल्याची कसोटी, कठीण प्रदेश, वेगळा पोशाख, नावापुढचा तारा हा मान आहे, आणि मानाला अट खुशाल असावी. अट घालायचीच तर सिद्धरामांसारखी आवाक्यात आणून घालावी. पाचशे पुरत असतील तर नऊशे मागू नयेत, आणि शक्य असेल तिथे एखादी शिडी ठेवावी.

सभागृहात खेळ बनवायचं शिक्षण घेणारी काही मुलं-मुली बसली आहेत. तुमच्यापैकी कुणी उद्या एखादा खेळ रचेल. शेवटाच्या दाराला कडी लावताना एकदा जानेवारीतला सम्मती कट्टा आठवा. काठीचा भार खांद्यावर घेऊन अडुसष्ट ठिकाणी फिरलेला तिथे असतो, आणि नुकताच गाडीतून उतरलेलाही असतो. दोघांच्या मुठीत तांदूळ सारखेच असतात.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.